उचल कारखान्याची, मग मजूर कोणाचा?

२०२४ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात दोन महिन्यांच्या आत दोन करार झाले. दोन्ही करार माणसांनी कामासाठी घर सोडून दूर जाण्याबद्दलचे होते. जानेवारीत पुण्यात ऊसतोड मजुरांच्या दराचा तिढा सुटला. शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादाने मजुरीत ३४ टक्के वाढ ठरवली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. फेब्रुवारीत राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी सामंजस्य करार केला. परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक, हॉटेलातले कामगार असे दहा हजार कुशल तरुण तिकडे पाठवायचे आणि त्यांना जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची, असे ठरले.

जर्मनीचा करार प्रत्यक्षात किती फळला, हा वेगळा विषय. पण त्याची रीत पाहण्यासारखी आहे. जाणाऱ्याला तिकडे कोण नोकरी देणार, काम कोणते, पगार किती, विमा काय, परवाना कोणाच्या नावावर, हे सगळे निघण्याआधी कागदावर आल्याशिवाय तिथला नोकरीचा व्हिसा मिळत नाही. धाराशिवच्या तरुणाला स्टुटगार्टला जायचे असेल तर त्याला नोकरी देणारी कंपनी आधी समोर येते, सही करते, जबाबदारी घेते. त्याच धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, भूम, परांडा तालुक्यांतून दर वर्षी जी कुटुंबे सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे आणि कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोटच्या कारखान्यांवर जातात, त्यांना बोलावणारा मात्र कोणत्याच कागदावर त्यांचा मालक म्हणून सापडत नाही. पुण्याच्या करारात दर ठरला, मालक ठरला नाही. ऊसतोडीच्या सगळ्या दुखण्यांचे मूळ इथे आहे आणि इलाजही इथूनच सुरू करावा लागेल.

धाराशिव हा बालाघाटच्या रांगांचा, पर्जन्यछायेतला जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाख. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातल्या आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार, वाशिम यांच्याबरोबर हाच चौथा होता. खरिपाचे सोयाबीन निघाले आणि विहिरीला पाणी नसले की हाताला काम नाही. दसरा झाला की मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाण्याचे पिंप, पत्र्याची पेटी, तवा, पिठाचे डबे, दोन कोंबड्या, एखादी शेळी आणि वर मुले असा संसार चढतो. घरी म्हातारी माणसे राहतात आणि शाळेसाठी मागे ठेवलेली एक-दोन नातवंडे. हा संसार परत येतो तो पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचे गाळप संपल्यावर, कधी मार्चमध्ये तर कधी एप्रिलच्या उन्हात.

या प्रवासामागे पैसा कोणाचा असतो? कारखान्याचाच. पैसा कारखान्यातून किंवा कारखान्याच्या हमीवर बँकेतून निघतो आणि वाहनमालकाकडे जातो. वाहनमालक तो टोळी जमवणाऱ्या मुकादमाला देतो आणि मुकादम टोळीतल्या जोडप्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, म्हणून वाटतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा कोयता. कोयत्याची उचल आता लाखाच्या आसपास असते, कधी त्याहून जास्त. पावसाळ्यात, पोरीच्या लग्नाला, आईच्या दवाखान्याला, बियाण्याला हीच उचल कामी येते. कोणतीही बँक या माणसाला हंगामाआधी लाख रुपये देणार नाही. म्हणून उचलीला नुसते पाप म्हणून हिणवण्यात अर्थ नाही; तिच्यावर अनेक घरे पावसाळा काढतात.

पण हिशेब मांडून पाहावा. दोघांनी मिळून दिवसाला दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या आणि गाडीत भरला, तर ३६६ च्या दराने ७३२ रुपये होतात. माणशी ३६६. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता. तिथे दिवस मावळण्याआधी काम संपते. इथे गाडी रात्री बाराला आली तर रात्री बाराला भरावी लागते. एक लाखाची उचल फेडायला रोज दोन टनांप्रमाणे १३७ दिवस लागतात, तेही एकही खाडा न करता. मधल्या काळातली घरखर्चाची खर्ची वेगळी, ती पुन्हा नावावर चढते. आणि हंगाम १३७ दिवस चालेलच याची हमी कोण देणार? २०२४-२५ मध्ये ऊस कमी होता. राज्यातल्या अनेक कारखान्यांची धुराडी फेब्रुवारी-मार्चमध्येच थंडावली. ज्यांची उचल फिटली नाही त्यांच्या अंगावर बाकी राहिली आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या गाडीत बसणे आले. ऊस कमी लागला, पाऊस लांबला, कारखाना उशिरा सुरू झाला, यात मजुराचा काय दोष? तरी तोटा त्याच्या नावावर. मुकादमाचे कमिशन २० टक्के, म्हणजे टनामागे ७३ रुपये. ते वेगळे आणि ठरलेले.

हे काम बिनकौशल्याचे आहे, असे आजही सरकारी फाइलींत आणि शहरी बोलण्यात गृहीत धरले जाते. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा फडात उभे राहून पाहावे. उसात साखर सर्वांत जास्त असते ती बुडख्याकडच्या कांड्यांत, म्हणून कोयता जमिनीलगत बसला पाहिजे. दोन बोटे वर कापले तर शेतकऱ्याचे वजन आणि कारखान्याचा साखर उतारा दोन्ही बुडतात, शिवाय खोडव्याचा फुटवा बिघडतो. वाढे नेमक्या पेऱ्यावर छाटायचे, पाचट काढायचे, मोळी अशी बांधायची की डोक्यावरून फळीवर चढताना सुटू नये. ती मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढणारी बहुतेक वेळा बाई असते. आणि हे सगळे घाईने करायचे, कारण तोडलेला ऊस जितका वाळेल तितकी साखर कमी होते. महाराष्ट्रातले ऊसतोड मजूर चांगल्या हंगामात दहा कोटी टनांहून अधिक ऊस हाताने तोडून देतात. या कसबाला कुशल म्हणायचे नसेल, तर राज्य सरकारने कुशल म्हणजे काय ते नव्याने लिहावे.

कारखान्यांचे उत्तर ठरलेले आहे. आमचा मजुराशी संबंध नाही, आमचा करार वाहनमालकाशी आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दरातून, वजा होतो, त्यामुळे तोडणी खरे तर शेतकऱ्याची. आम्ही फक्त यंत्रणा लावून देतो. या युक्तिवादात तथ्याचा एक धागा आहे. खर्च शेतकऱ्याच्या बिलातून जातो, हे खरेच आहे. पण ज्याच्या खिशातून पैसे जातात त्या शेतकऱ्याला टोळी निवडता येत नाही, दर ठरवता येत नाही, तोडीची तारीखही ठरवता येत नाही. ती तारीख कारखान्याचे गट कार्यालय ठरवते. टोळी कोणत्या फडात जाणार हे कारखान्याचा चिटबॉय सांगतो आणि वजन कारखान्याच्या काट्यावर होते. दर ठरवायला कारखान्यांचा साखर संघ बसतो, संप झाला तर वाटाघाटी तोच करतो. काम कुठे, केव्हा, किती दराने हे तिन्ही जो ठरवतो, तोच मालक. एवढी व्याख्या कोणत्याही गिरणी कामगाराला ठाऊक होती.

याचा पुरावा सरकारच्याच हातात आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत लाखाहून अधिक ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकले होते. गावाकडे परतायची परवानगी द्यायची वेळ आली, तेव्हा सरकारने मुकादमांना शोधले नाही, वाहनमालकांनाही शोधले नाही. कारखान्यांना सांगितले: तुमच्या तळावरच्या मजुरांची आणि त्यांच्या कुटुंबांची वैद्यकीय तपासणी करा आणि त्यांना गावी पोहोचवा. कारखान्यांनी याद्या केल्या, तपासण्या केल्या, गाड्या लावल्या. म्हणजे कोणाच्या तळावर कोण राहते हे कारखान्याला माहीत असते आणि निकड आली की ते काही दिवसांत कागदावरही येते.

कायद्याची अवस्था मात्र विचित्र आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. नाव नोंदवणे, प्रवासभत्ता, विस्थापन भत्ता, राहायची सोय अशा बऱ्याच गोष्टी त्यात होत्या. परांड्याचे कुटुंब बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यावर गेले तर त्याला हा कायदा लागू होऊ शकत होता. त्याच्याच भावकीतले कुटुंब अलीकडे कोल्हापूर जिल्ह्यात थांबले तर नाही. दोन्हीकडे ऊस तोच, राहायची कोप तीच, अंतर जवळपास सारखेच. आता तो कायदा नव्या कामगार संहितेत विरघळला आहे. हद्दीची अट तिथेही कायम राहिली आणि विस्थापन भत्ता गळाला. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात मुख्य मालकाची कल्पना स्पष्ट होती: कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ज्याच्यासाठी काम झाले त्याने ती द्यायची. ऊसतोडीला ती कधी नेटाने लावली गेली नाही. आणि वेठबिगारी निर्मूलनाचा १९७६ चा कायदा तर सांगतो की आगाऊ रक्कम देऊन त्या बदल्यात माणसाला कामाला जखडून ठेवता येणार नाही. उचल फिटली नाही म्हणून टोळीला तळावर अडवून ठेवण्याचे प्रकार या कायद्याच्या कक्षेत येतात. ते गुन्हे म्हणून नोंदवायचे की आपसातला व्यवहार म्हणून सोडून द्यायचे, हे ठाण्यात त्या दिवशी कोण बसले आहे यावर अवलंबून राहू नये.

मालक नाही, म्हणून आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाची रजा नाही, अपघाताची भरपाई नाही. याची किंमत बायकांनी दिली आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. सहा जणींमागे एक. पाळीत, दुखण्यात एक दिवस पडून राहिले तरी खाडा पडतो, फडाजवळ आडोसा नाही, पाणी नाही. अशा स्थितीत पिशवी काढली की कटकट मिटेल असे सांगणारे भेटले आणि विशी-तिशीतल्या बायका त्या टेबलावर गेल्या. बीडची आणि वाशी-कळंबची हद्द ही फक्त नकाशावरची रेघ आहे. टोळ्या एकच, मुकादम एकच, फड एकच. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ऊसतोड मजुरांच्या हालांची स्वतःहून दखल घेतली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने या साखरेचा माग मोठ्या शीतपेय कंपन्यांपर्यंत काढला, तेव्हा जगभर चर्चा झाली. चर्चेत नाव घेतले गेले ते कंपन्यांचे. फडात उभ्या असलेल्या बाईचे नाव मात्र तिच्या स्वतःच्या उचलीच्या कागदावरही नसते. बाँड नवऱ्याच्या नावाचा, अंगठा किंवा सही नवऱ्याची. अर्धे काम तिचे आणि ती हिशेबात धरलेलीच नाही. सगळ्या अन्यायांत हा सर्वांत उघडा आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपा.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले. गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने घालायची, असे ठरले. दहा कोटी टन गाळप धरले तर कारखान्यांचे शंभर आणि सरकारचे शंभर, असे वर्षाला दोनशे कोटी होतात. ग्रामसेवकाने गावातल्या ऊसतोड मजुरांची नोंद करून ओळखपत्र द्यायचे, ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची ८२ वसतिगृहे काढायची, हेही ठरले. एके काळी तळावर साखरशाळा असत. शिक्षण हक्क कायद्यानंतर मुलांना गावातच ठेवून शिकवायचे म्हणून हंगामी वसतिगृहांवर भर आला. योजनांची रचना वाईट नाही. पण कल्याण म्हणजे मालकाने दिलेल्या वर्गणीतून केलेली मदत, आणि हक्क म्हणजे मालकाने पाळायची अट. वर्गणी भरून मालकपणातून सुटका होत असेल, तर दहा रुपयांत कारखान्यांना फार स्वस्तात सुटका मिळाली.

साखर कारखानदारी जगात फक्त इथेच नाही आणि मजूर आणण्याचा प्रश्नही नवा नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसला गेलेली मराठी कुटुंबे उसाच्याच मळ्यांत राबली. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या उसासाठी १८६३ पासून पुढची चाळीस वर्षे पॅसिफिक बेटांवरून साठ हजारांहून अधिक माणसे नेली गेली, अनेकांना फसवून आणि काहींना पळवून. तोच देश आज काय करतो पाहा. बेटांवरचे मजूर हंगामी शेतीसाठी आजही तिथे जातात, पण त्यांना बोलावणारा मालक आधी सरकारकडे मान्यता घेतो, लेखी काम देऊ करतो, राहायच्या जागेचा आराखडा मंजूर करून घेतो आणि प्रवासखर्च आधी स्वतः भरतो. दूरच्या ग्रामीण भागात कुशल माणूस हवा असेल, तर तिथला मालक स्वतःच्या नावावर त्याला बोलावतो. २०१९ पासून अशा कामगारांसाठी पाच वर्षांचा वेगळा व्हिसा आहे आणि तीन वर्षे तिथे काढल्यावर कायम राहण्याचा मार्ग खुला होतो. त्या व्यवस्थेतही माणूस एका मालकाला बांधला जातो आणि तक्रारी तिथेही आहेत. पण तक्रार करायची झाली तर कोणाविरुद्ध करायची, हे तिथे ठाऊक असते.

कारखान्यांची आणि वाहनमालकांचीही बाजू ऐकली पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी ट्रॅक्टर मालकांना मुकादमांनी बुडवले आहे. लाखो रुपये उचलून टोळी आणलीच नाही, एकाच टोळीवर दोन-तीन ठिकाणी उचल घेतली, असे प्रकार दर हंगामात पोलीस ठाण्यात येतात. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तरुण यात देशोधडीला लागतो. ही लूट थांबवायची तर मधला माणूस कमी करावा लागेल आणि पैसा कारखान्यातून थेट कोयत्यातल्या दोघांच्या, नवऱ्याच्या आणि बायकोच्या, बँक खात्यात गेला पाहिजे. ओळखपत्रावर नोंद झाली की तोच कोयता दोन ठिकाणी उचल घेऊ शकणार नाही. म्हणजे मजुराला मालक मिळण्यात वाहनमालकाचेही हित आहे, हे कोणीतरी त्यांच्या संघटनांना समजावून सांगितले पाहिजे.

धाराशिवकरांनी आणखी एक गोष्ट मान्य करायला हवी. हा जिल्हा मजूर फक्त पाठवत नाही, मागवतोही. कळंब तालुक्यात रांजणी आणि चोराखळी, उमरग्याकडे मुरूम, धाराशिव तालुक्यात केशेगाव आणि अनेक वर्षे बंद राहून पुन्हा पेटलेला ढोकीचा तेरणा कारखाना, इथे गाळपाला टोळ्या लागतातच. आणि ढोकी परिसरातच जून २०२३ मध्ये पोलिसांनी विहिरी खोदणाऱ्या अकरा मजुरांची सुटका केली. ते पळून जाऊ नयेत म्हणून ठेकेदारांनी त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. ही बातमी दूरच्या कुठल्या राज्यातली नव्हती, आपल्या जिल्ह्यातली होती. परजिल्ह्यात गेलेल्या आपल्या माणसांसाठी न्याय मागायचा असेल, तर आपल्या शिवारात आलेल्या माणसाची नोंद आपण ठेवतो का, हे आधी पाहावे लागेल.

यंत्र येईल आणि प्रश्न आपोआप सुटेल, अशी आशा काही जण धरून आहेत. सरकारने २०२३ मध्ये नऊशे ऊसतोडणी यंत्रांना अनुदान देण्याची योजना आणली, ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, जे कमी असेल ते. यंत्रे वाढतील, वाढावीतही. पण लहान तुकड्यांच्या शेतात, अरुंद सरीत, पडलेल्या उसात यंत्र अडते आणि तिथे कोयताच लागतो. आणि ज्या दिवशी यंत्र त्याचे काम घेईल, त्या दिवशी तीस हंगाम राबलेल्या माणसाकडे भविष्य निर्वाह निधी नाही, सेवेचा दाखला नाही, मालकाचे पत्र नाही, असे होऊ द्यायचे का?

मागणी मोठी नाही. हंगामाआधी प्रत्येक कोयत्याशी कारखान्याच्या नावाने लेखी करार व्हावा, त्यावर नवरा आणि बायको दोघांची नावे आणि सह्या असाव्यात. उचलीची रक्कम, टनाचा दर, किमान किती दिवस काम, हे त्यात लिहावे. कारखाना लवकर बंद झाला तर न फिटलेली बाकी मजुराच्या अंगावर पडू नये. जाण्यायेण्याचा खर्च, तळावर पाणी आणि शौचालय, अपघाताचा विमा ही जबाबदारी कारखान्याची असावी. राज्याने स्वतःच्या हद्दीत फिरणाऱ्या मजुरांसाठी कायदा करावा. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायची गरज नाही, रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने देशाच्या कितीतरी आधी स्वतःच केला होता.

सहकारी साखर कारखान्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते, म्हणजे टोळ्या निघण्याच्या अगदी आधी. त्या सभेत प्रत्येक सभासद शेतकऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. धाराशिव, सोलापूर, सांगली, कोल्हापूर कुठल्याही कारखान्याचा सभासद हा लेख वाचत असेल, तर त्याने यंदा अहवालातला ताळेबंद पाहून झाल्यावर उभे राहून एवढेच विचारावे: आपल्या कारखान्यासाठी गेल्या हंगामात किती कोयते राबले, त्यांची नावे कोणत्या रजिस्टरला आहेत, आणि त्यांच्या करारावर मालक म्हणून सही कोणाची आहे? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.